नावडतीचं मीठ

आमच्या इमारतीत त्यांना लहानथोर सगळे वकीलकाका म्हणतात. काळा कोट त्यांनी जन्मात घातलेला नाही. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या फोर्टमधल्या शाखेतून ते निवृत्त झाले. पण चार लोकांनी मिळून एखाद्या गोष्टीला नाकं मुरडली की काकांच्या अंगात बॅरिस्टर संचारतो. अशिलाला त्यांच्याकडे यावं लागत नाही, काकाच अशील हुडकून काढतात. कारलं, 'मेरा नाम जोकर', तुकोबांना छळणारा मंबाजी. ("त्याचं म्हणणं कुणी लिहून ठेवलंय? नाही ना? मग एकतर्फी निकाल झाला तो!") २०१७ साली जकात बंद झाली, मुलुंड चेकनाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा गेल्या आणि सगळं मुलुंड सुखावलं. हळहळले ते एकटे काका. त्या रांगेवर किती चहावाले जगत होते याचा हिशेब म्हणे कुणी केलाच नाही. मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडचं वकीलपत्र मात्र त्यांनीही कधी घेतलं नाही. आमची इमारत मुलुंड पूर्वेला आहे.

काकूंना या स्वभावाचं मूळ ठाऊक आहे. "आमच्या लग्नाला दोन्ही घरांतून नकार होता," त्या सांगतात. "होकार असता तर यांनी मला वळून पाहिलं नसतं."

पण हे सगळे किरकोळ दावे. काकांचा चाळीस वर्षं चाललेला मोठा खटला आहे तो एका विलायती रेकॉर्डचा. 'येस' नावाच्या इंग्रज बँडने १९७३च्या डिसेंबरात काढलेल्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'चा. तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आलेल्या तरुणांनी रॉकमध्ये सिंफनीचा ऐसपैसपणा आणला, त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. 'येस' हे त्यातलं बडं घराणं. या अल्बममध्ये दोन रेकॉर्डी, चार बाजू आणि प्रत्येक बाजूला एकच गाणं. एकूण ८१ मिनिटं. ब्रिटनमध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली, आगाऊ मागणीवरच गोल्ड ठरली आणि मग जी बदनाम झाली ती झालीच. रॉक संगीत फुगून कुठवर जाऊ शकतं याचा पुरावा म्हणून पुढे पंकवाल्यांनी बोट दाखवलं ते असल्याच रेकॉर्डींकडे.

आता या प्रकरणात आपला, म्हणजे भारताचा, हात कसा आहे ते ऐका. काका ही हकिगत चिंतामणराव देशमुख उद्यानातल्या बाकावर बसून सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांच्या नावाची बाग असल्यामुळे तिथे आपल्या शब्दाला वजन येतं, अशी त्यांची समजूत असावी. १९७३च्या मार्चमध्ये ड्रमर बिल ब्रुफर्डचं लग्न होतं. त्या समारंभात जेमी म्युअर नावाच्या तालवाद्यवाल्याने 'येस'चा गायक जॉन अँडरसन याला एक पुस्तक वाचायला सुचवलं. आपल्याकडे लग्नात लोक बदलापूरचा फ्लॅट सुचवतात. म्युअरने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र सुचवलं. अँडरसनने ते जपानच्या दौऱ्यात टोकियोच्या हॉटेलात वाचायला घेतलं आणि एका तळटिपेवर अडकला. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशी शास्त्रांची चार अंगं त्या टिपेत सांगितली होती. चार अंगं म्हणून चार बाजू! गिटारवाला स्टीव्ह हाव आणि तो, दोघे मेणबत्त्या लावून कामाला लागले. रेकॉर्डच्या वेष्टणावर 'स्मृती'चं 'सुरिती' झालं, तेवढं चालायचंच.

"८१ मिनिटं? एका तळटिपेवर?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"ज्ञानोबांनी सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या लिहिल्या," काका म्हणाले. "त्यांना विचारलंस का कधी, की केवढी ही लांबण?"

यावर काय बोलणार? उलटतपासणीत ते असे थेट आळंदीला जातात आणि समोरचा चप्पल काढून उभा राहतो.

फिर्यादी पक्षाचा मुख्य साक्षीदार बँडमधलाच आहे. रिक वेकमन, कीबोर्डवादक. त्याला हे सगळं प्रकरण पटलंच नव्हतं. लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू होतं. अँडरसनला खरं तर रानात जाऊन ध्वनिमुद्रण करायचं होतं. ते जमेना म्हणून स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या रचल्या आणि पुठ्ठ्याची गाय उभी केली. वेकमन कंटाळून शेजारच्या स्टुडिओत 'ब्लॅक सबाथ' या बँडकडे जाऊन बसे. त्यांच्या एका गाण्यात तो वाजवूनही आला आणि बिदागी म्हणून बिअर प्यायला. पुढे मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधल्या कार्यक्रमात, त्यानेच सांगितलेल्या किश्श्याप्रमाणे, त्याच्या मदतनिसाने कार्यक्रम संपल्यावर काय खाणार असं विचारलं. याने यादी दिली. चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू. मदतनिसाला वाटलं आत्ताच हवंय. चालू कार्यक्रमात पार्सल आलं आणि वेकमन कीबोर्डांवर डबे मांडून जेवला. अँडरसन वास घेत आला आणि म्हणे एक पापड उचलून गायला परत गेला. १९७४ साली वेकमनने बँड सोडला.

काका या साक्षीदाराला उभा चिरतात. "लांबण म्हणतो! याच गृहस्थाने १९७५ साली आर्थर राजाचं आख्यान लावलं. कुठे? बर्फावर! स्केटिंग करणारे सरदार घेऊन! आणि बॉम्बे आलू म्हणजे काय रे? उभ्या मुंबईत कुणी खाल्लाय? ज्याला बटाट्याची भाजी कळत नाही त्याची साक्ष ग्राह्य कशी धरायची?"

काकूंना यात वेगळीच बाजू दिसते. "भूक लागली असेल पोराला. रात्रीची वेळ, काय ते एकदा संपेचना."

काकांच्या हाती हा अल्बम आला तो कॅसेटवर. ऐंशीच्या सुमाराचं मुंबईतलं रिवाजाचं काम होतं ते. कुणाच्या तरी परदेशी भावाची रेकॉर्ड दुकानदाराकडे द्यायची आणि टीडीकेच्या डी-नव्वदवर भरून घ्यायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये ८१ मिनिटं बसली. प्रत्येक बाजूला चारपाच मिनिटं रिकामी राहिली. दुकानदार इमानदार माणूस, फीत कोरी सोडणं त्याला पाप वाटे. त्याने एकीकडे बोनी एमचं 'डॅडी कूल' भरलं. शिवाय रेकॉर्डींची उलटापालट करताना त्याचा गोंधळ झाला आणि चार बाजू एक, चार, दोन, तीन अशा क्रमाने उतरल्या. वॉकमन कानाला लावून काका सकाळच्या जलद लोकलला उभे राहत. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत मुलुंडहून व्हीटी येई. त्यांनी वर्षानुवर्षं श्रुतींनंतर एकदम तंत्र ऐकलं, मग बोनी एम, मग उरलेली शास्त्रं.

या रचनेवर त्यांनी भाष्य तयार केलं होतं. आधी साक्षात्कार, लगेच साधना आणि मग स्मरण. 'डॅडी कूल' वगळता त्यांना सगळ्याची संगती लागली होती. पुढे सीडी निघाली आणि खरा क्रम कळला तेव्हा बागेतल्या मंडळींना वाटलं की दावा पडला. काकांनी शांतपणे सांगितलं, "बँडचा क्रम चुकलाय."

मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं ते एका मुद्द्यावर. त्यांची ठरलेली फेक अशी : "१९७२ साली 'सखाराम बाइंडर' आलं, सेन्सॉर धावून आलं. त्याच वर्षी 'घाशीराम कोतवाल' आलं, ज्या संस्थेने बसवलं तिनेच थांबवलं. पुढे तेच 'घाशीराम' युरोप गाजवून आलं. तेव्हा ज्यांना शिव्या पडल्या ते आज अभ्यासक्रमात आहेत." बिनतोड वाटतं. पण शिव्यांत फरक असतो. ही दोन्ही नाटकं लिहिणाऱ्या तेंडुलकरांना लोकांनी शिव्या घातल्या कारण ते झोंबले. 'टोपोग्राफिक'ला घातल्या कारण लोकांना जांभई आली. झोंबल्याचा राग पुढच्या पिढीत ओसरतो आणि नाटक उरतं. जांभईचं तसं होत नाही, ती पुढच्या पिढीलाही येऊ शकते.

त्यांचा दुसरा हुकमी एक्का म्हणजे ख्याल. "भीमसेनजींनी तासभर एक राग आळवला की माना डोलावता. गोऱ्याने वीस मिनिटं लावली तर घड्याळ बघता!" इथेही गफलत आहे. तासभराच्या ख्यालात एकच गोष्ट हळूहळू उलगडत जाते, ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत असतं. 'टोपोग्राफिक'मध्ये दर दोनतीन मिनिटांनी नवी चाल सुरू होते. काही चाली फार सुंदर आहेत, पण एक पुरी होण्याआधी दुसरी येते. तक्रार लांबीची नाहीच. त्यातून बँडने दौरा सुरू केला नोव्हेंबरात, रेकॉर्ड बाजारात येण्याच्या आधी. म्हणजे श्रोत्यांनी या चारही बाजू पहिल्यांदा ऐकल्या त्या थेट सभागृहात, जुनी ओळखीची गाणी कधी येतात याची वाट बघत. कुणाचंही पित्त खवळेल.

वेकमनचं एक म्हणणं मात्र मला पटतं. ते काकांपुढे काढायची सोय नाही. एका रेकॉर्डला जास्त आणि दोन रेकॉर्डींना कमी एवढा ऐवज यांच्याकडे होता, असं तो सांगतो. रेकॉर्डच्या एका बाजूला वीसबावीस मिनिटंच नीट मावतात. मधलं माप बाजारात नव्हतं. सीडी तेव्हा असती तर पन्नाससाठ मिनिटांत काम झालं असतं. वन रूम किचनमध्ये मावेना म्हणून टू बीएचके घेतलं आणि रिकाम्या खोलीत टीपॉय, शोकेस, प्लास्टिकची फुलं आणून भरली, असं झालं ते.

पुढे काकांनी चोरबाजारातून मूळ रेकॉर्ड मिळवली आणि रॉजर डीनने चितारलेलं तिचं कव्हर दिवाणखान्यात लावलं. त्यात दगड आहेत, लांब एक पिरॅमिड आहे आणि अधांतरी पोहणारे मासे आहेत. काकूंनी ते एकदाच निरखून पाहिलं. "ताजे दिसत नाहीत," म्हणाल्या.

एका रविवारी काकांनी चौथी बाजू मोठ्याने लावली. तिच्यात मध्ये एक भाग येतो, सूर बाजूला पडतात आणि नुसता ताशा-नगाऱ्यांसारखा कल्लोळ होतो. खालच्या मजल्यावरून सेक्रेटरींचा फोन आला. मंडळाने ढोलपथकाची तालीम गच्चीवर ठेवली असेल तर आधी अर्ज द्यायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. काका अत्यंत खूश झाले. अशिलावर आणखी एक अन्याय झाला होता.

आणि मग घात झाला. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. लिफ्टमध्ये तिच्या फोनवर काकांना ते कव्हर दिसलं. ते सरसावले, घसा खाकरला आणि म्हणाले, "याच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात, पण..."

"कोण बोलतं?" ती म्हणाली. "भारी आहे की, काका. २०१६चं स्टीव्हन विल्सनचं मिक्स ऐका, एकदम क्लीन. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना आवडतं. मी तर अभ्यास करताना लावते."

काका चौथ्या मजल्यावर उतरायचे ते सातव्यापर्यंत गेले. चाळीस वर्षांचा खटला, आणि समोर फिर्यादीच नाही! संध्याकाळी बाकावर गप्प बसले होते. मी मुद्दाम म्हटलं, "दुसरी बाजू मात्र फारच रटाळ आहे हं. दौऱ्यात पुढेपुढे त्यांनी स्वतःच गाळली होती." त्यांनी हो म्हटलं. चक्क हो! वर म्हणाले, "खरं सांगू का, थोडी लांबलीच आहे ती." मला काळजी वाटली, काकूंना सांगावं का असा विचार आला.

काळजीचं कारण उरलं नाही. आठवड्याभरात काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून बागेत हजर. हातात 'टोरमॅटो'. 'येस'चीच, १९७८ची रेकॉर्ड. बँडच्या चाहत्यांतही तिचं नाव निघालं की विषय बदलतात. हिच्या कव्हरवर फुटलेला टोमॅटो आहे. प्रेक्षकांना त्रास नको म्हणून जणू बँडने तो आधीच फेकून ठेवलाय. "लोकांनी हिला समजूनच घेतलं नाही रे," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत होता.

राहता राहिला निकाल. 'टोपोग्राफिक'ची जेवढी बदनामी झाली तेवढी तिच्या वाट्याला यायला नको होती. पहिली आणि चौथी बाजू जरूर ऐका. तिसरीत सुरुवातीचा खडखडाट सोसलात तर शेवटी साध्या गिटारवर फार गोड तुकडा आहे. दुसरी वाटेत सोडून दिलीत तरी शास्त्राला बाध येत नाही. हे झालं घरी ऐकण्यापुरतं. मुलुंड पूर्वेच्या बागेत संध्याकाळी कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ भेटले आणि त्यांनी 'टोरमॅटो'बद्दल तुमचं मत विचारलं, तर ऐकली असो वा नसो, कृपा करून दोन शिव्या द्या.