‘रिस्पेक्टेड सर’ला उत्तर येत नाही

दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे मुलं एक पत्र घेऊन येतात. चेहरे वेगळे, कॉलेजं वेगळी, पत्र एकच. ‘रिस्पेक्टेड सर, मी अमुक विद्यापीठात तृतीय वर्षात शिकतो. आपलं संशोधन वाचून अत्यंत प्रभावित झालो. आपल्या मार्गदर्शनाखाली इंटर्नशिपची संधी मिळाल्यास ऋणी राहीन.’ जर्मनी, कॅनडा, जपान मिळून दीडशे प्राध्यापकांना ते गेलेलं असतं. उत्तर एकाचंही नसतं. मग मुलगा मान खाली घालून म्हणतो, “मॅडम, आपल्या कॉलेजला नाव नाही ना, म्हणून.”

कॉलेजला नाव नाही हे खरं. पण त्या पत्रात मुलगाच नाही, त्याचं काय? खालची सही खोडून शेजारच्या बाकावरच्याचं नाव घातलं तरी पत्र तसंच चालतं. असं पत्र पाठवू नका. एकालाही नको.

गेल्या वर्षी आलेली एक मुलगी जुन्नर तालुक्यातली. बी.एस्सी. फिजिक्स, शेवटचं वर्ष, पुढे एम.एस्सी. करायचं ठरलेलं. घर नारायणगावजवळ, घरचं शेत टोमॅटोचं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या ती कळायला लागल्यापासून बघते आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ज्यांच्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, तिथे ती शाळेच्या गाडीतून जायची. जीएमआरटीची जुनी निरीक्षणं काही काळाने सगळ्यांसाठी खुली होतात. त्यातलं एक तिने उतरवून घेतलं आणि भावाच्या लॅपटॉपवर, रात्र रात्र जागून, ‘कासा’ या सॉफ्टवेअरमध्ये एका रेडिओ दीर्घिकेचं चित्र तयार केलं. पहिली तीन चित्रं पट्ट्यापट्ट्यांनी खराब झाली. चौथं जमलं.

यातलं एक अक्षर तिच्या पत्रात नव्हतं. मी विचारलं, “हे का नाही लिहिलंस?” ती म्हणाली, “मॅडम, ते गावातलंच आहे ना.”

मला त्या दिवशी फार राग आला. तिचा नाही. तीन वर्षं तिला शिकवलं, परीक्षा घेतल्या, आणि दाराबाहेर दिसणारी जगातली एक मोठी दुर्बीण ही सांगण्यासारखी गोष्ट आहे हे कुणी तिला सांगितलं नाही, याचा. आपल्या मुलांना वाटतं की परदेशात सांगायचं ते परदेशासारखं असलं पाहिजे. म्हणून ती ‘मशिन लर्निंग’, ‘क्वांटम’ असे शब्द बायोडेटात भरतात आणि स्वतःच्या हाताने केलेलं एकमेव काम गाळतात.

पत्र आम्ही पुन्हा लिहिलं. सहा वाक्यं. काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं. मग ज्या संशोधन गटाला पत्र जाणार, त्याच्या एका लेखातली कोणती आकृती बघून कोणता प्रश्न पडला. मग कोणत्या महिन्यात किती आठवडे येऊ शकते, आणि शेवटी चित्राची लिंक. दीडशे पत्त्यांतले बारा ठेवले, बाकीचे काढून टाकले. त्यातही सगळी पत्रं प्राध्यापकांना नाहीत. काही त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्यांना, काही पोस्टडॉकना. आलेल्या मुलाला रोज काम दाखवणारी माणसं बहुतेक वेळा तीच असतात, आणि आपल्याला अजून एक हात हवा आहे का, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. गुणांपुढे ‘दहापैकी’ हा शब्द घातला. जर्मनीत १.० हा सर्वांत चांगला गुण आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. आपलं नुसतं ८.७ तिथल्या माणसाला काय सांगणार?

आता कॉलेजांविषयी. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत ऑन जॉब ट्रेनिंग आणलं, म्हणजे शिकत असताना प्रत्यक्ष काम करणं हा अभ्यासाचाच भाग झाला. आणि तरीही मला ठाऊक असलेल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेला दुपारी चारला कुलूप लागतं. मुलं विचारतात, उपकरण वापरू का? उत्तर मिळतं, मोडलं तर भरून कोण देणार? ज्या मुलाला तीन वर्षांत ठरलेल्या प्रयोगापलीकडे एक स्क्रू फिरवू दिला नाही, त्याने ‘काय केलं’ या वाक्यात लिहावं काय? तिथे पत्र कितीही सुधारा, आत घालायला काही नसतं. परदेशी इंटर्नशिपचं मार्गदर्शन शिबिर भरवण्याआधी ते कुलूप काढा. संध्याकाळी सातपर्यंत लॅब उघडी ठेवणारा एक लॅब असिस्टंट अशा दहा शिबिरांपेक्षा जास्त मुलं परदेशी पोचवेल.

घराजवळच्या दारांनाही मुलं विसरतात. मुंबईत टीआयएफआर आहे, पुण्यात आयुका आहे. या दोन्ही संशोधन संस्था सुट्टीत पदवीच्या विद्यार्थ्यांना घेतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, त्यात दोन महिने काम आणि वर विद्यावेतन. दुसऱ्या वर्षी हे केलेल्या मुलाकडे तिसऱ्या वर्षी दाखवायला काम असतं, आणि त्याला हाताखाली बघितलेल्या माणसाचं शिफारसपत्रही. विभागप्रमुखांनी सगळ्यांना एकाच मजकुराचं दिलेलं शिफारसपत्र मी इतक्यांदा वाचलं आहे की मला ते पाठ झालंय. त्याचा काडीचा उपयोग नाही.

पैशाचं सरळ सांगते. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याकडून तिथलं सरकार महिन्याला ९९२ युरोंची सोय दाखवून मागतं. म्हणजे लाखाच्या घरात रुपये, तेही विमानाचं तिकीट सोडून. बिनपगारी इंटर्नशिप करायची तर तीन महिन्यांचा एवढा खर्च कोण उचलणार? ज्याच्या बापाकडे आहेत तो जातो, आणि त्याच्या बायोडेटावर आणखी एक ओळ चढते. म्हणून ज्या योजना स्वतः पैसे देतात त्यांच्याकडे आधी अर्ज करा: जर्मनीच्या डाडची वाइज, कॅनडाची बारा आठवड्यांची मायटॅक्स ग्लोबलिंक, जपानात ओकिनावाची ओआयएसटी ही संस्था, जिनिव्हाची सर्न ही प्रयोगशाळा. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, हे आपल्या किती फिजिक्स विभागांच्या फलकावर लागलं? प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, कुठे ठरावीक संस्थांचेच विद्यार्थी चालतात, ते नीट वाचा. आणि वाचा पावसाळ्यात. पुढच्या उन्हाळ्याची दारं बऱ्याच ठिकाणी दिवाळीपर्यंत बंद झालेली असतात.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, ती हवीच. पण पदवीच्या वर्गातली हुशार, गरीब पोरगी दोन महिन्यांसाठी जाऊ म्हणाली तर ती तिच्या कामाला येत नाही. तिचं तिकीट काढून देण्याचा विचार विद्यापीठांनी का करू नये? स्नेहसंमेलनाच्या मांडवाला जेवढे जातात तेवढ्यात एक मुलगी जाऊन येईल.

एजंटांचा धंदा याच खाचेत चालतो. ‘खात्रीशीर इंटरनॅशनल इंटर्नशिप, सर्टिफिकेटसह.’ पालक कर्ज काढून लाख-दोन लाख भरतात. मी पालकांना एवढंच विचारते, पैसा कुणाकडून कुणाकडे चाललाय? पोराच्या कामाची ज्यांना गरज आहे ते त्याच्या राहण्याखाण्याचं बघतात, निदान त्याच्याकडून फी घेत नाहीत. जिथे तुम्हीच पैसे मोजता तिथे तुमचं पोर गिऱ्हाईक आहे.

कागदपत्रांत आपल्या मुलांची हमखास फजिती होते ती नावाची. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आईचं वेगळं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा, नावाचा निराळा. कुणी वडिलांचं नाव गाळतं, कुणी तिन्ही नावं एकाच रकान्यात कोंबतं. मग निमंत्रणपत्रावर तिसराच माणूस उगवतो. पत्रं पाठवण्याआधी पासपोर्ट काढा, आणि त्यावर जसं नाव आहे तसंच सगळीकडे लिहा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतो. ‘टुरिस्टवर जा, कोण बघतंय’ असं सांगणाऱ्या मामा-काकांचं ऐकू नका. व्हिसावर लिहिलेलं कारण आणि तिथे तुम्ही करत असलेलं काम एकच असलं पाहिजे.

आणि परीक्षा! मे महिन्याची परीक्षा जूनमध्ये सरकते, मुलाचं तिकीट मात्र सरकत नाही. तारीख एकदा जाहीर केली की पाळायची, एवढी साधी गोष्ट आपल्याला जमत नाही. हाती आलेली जागा अशी सोडून द्यावी लागलेला एक मुलगा मी बघितला आहे. त्याची समजूत काढायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता.

जुन्नरच्या त्या मुलीने बारा पत्रं पाठवली. दोन आठवडे काही नाही. आम्ही प्रत्येकाला दोन ओळींची आठवण पाठवली. त्यावर तिघांची उत्तरं आली. दोघांनी जागा नाही म्हणून कळवलं, पण तिच्या चित्राबद्दल लिहिलं. तिसरं जर्मनीतल्या एका पोस्टडॉकचं होतं. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं, प्रश्न होता: पहिल्या तीन चित्रांतल्या पट्ट्या कशामुळे होत्या, आणि तू त्या कशा काढल्यास?

तिने मला रात्री साडेदहाला फोन केला. “मॅडम, एक अँटेना खराब होती, आणि बाकीचा मोबाइल-टॉवरसारखा कसला तरी गोंगाट असावा असं मला वाटतंय, पण खात्री नाही. खात्री नाही असं लिहू का?”

“लिही,” मी म्हटलं. “आणि असं का वाटतंय तेही लिही.”

तिने फोन ठेवला नाही. तिकडे लॅपटॉपची बटणं वाजायला लागली होती.