शुभमंगल, जरा सावलीत!

लॉन्सवरच्या लग्नात सूर्याची फिकीर करणारी माणसं दोनच. एक गुरुजी, दुसरा फोटोवाला. आणि दोघांचं आपसात पटत नाही, कारण गुरुजींची शुभ वेळ ती बहुतेकदा ह्याची अशुभ.

फोटोवाला सकाळीच येतो. काळा टी-शर्ट, गळ्यात दोन कॅमेरे, मागे बॅगा वाहणारा एक पोरगा. आल्या आल्या तो मोकळ्या जागेत उभा राहतो, मूठ समोर धरतो आणि स्वतःभोवती सावकाश गिरकी घेतो. मुलीकडच्या आजींना वाटतं, दृष्ट काढतोय. खरं तर तो आपल्याच बोटांच्या पेरांवर उजेड कुठून पडतो आणि सावली कुठे जाते, ते बघत असतो. मग पोराला सांगतो, “बारानंतर वाट लागणार.”

तेवढ्यात कळतं, लग्न अभिजित मुहूर्तावर. दिवसाचे पंधरा भाग केले तर त्यातला बरोबर मधला, आठवा भाग म्हणजे अभिजित. सूर्य ऐन माथ्यावर. त्यातून महिना मे. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली पायाशी गडप होते. ती गडप होते आणि नवरदेवाच्या डोळ्यांखाली उगवते. वर फेट्याची सावली, खाली नाकाची. गालांवर मुंडावळ्यांचे काळे पट्टे. आनंदाच्या प्रसंगी मुलगा तीन रात्री झोपला नसावा असा दिसतो.

“मग मांडवात घ्या ना,” मुलीचे मामा सुचवतात. मांडवाचं कापड गुलाबी. उन्हात ते असं पेटतं की खाली बसलेले सगळे व्याही लाजल्यासारखे दिसतात आणि नवरीचा हिरवा चुडा मातकट होतो. “मग त्या आंब्याखाली?” आंब्याखाली पानांतून कवडसे पडतात. एक नेमका नवरीच्या नाकाच्या शेंड्यावर, दुसरा सासूबाईंच्या एकाच डोळ्यावर.

शेवटी तो भर उन्हात फ्लॅश मारतो, चेहऱ्यावरच्या सावल्या भरून काढायला. तशी पाहुण्यांत कुजबुज होते, “एवढं ऊन असताना लाइट कशाला? बिल वाढवायला!” पोरगा रिफ्लेक्टरची चंदेरी बाजू वळवतो आणि त्याची तिरीप पहिल्या रांगेतल्या काकांच्या डोळ्यांत जाते. काका उठून खुर्ची बदलतात आणि जाता जाता वधूपित्याला त्यांच्या फोटोवाल्याबद्दल दोन शब्द सुनावतात.

अख्ख्या लग्नात त्याला मनापासून आवडतो तो अंतरपाट. पांढरंशुभ्र कापड, दोघांच्या चेहऱ्यांपासून हातभर अंतरावर. ऊन त्यावर आपटून मऊ होतं आणि चेहऱ्यांवर येतं. बाजारात ह्याच कामासाठी हजारो रुपयांची सामग्री मिळते. इथे दोन भटजी ती फुकट धरून उभे. मंगलाष्टका लांबल्या की सगळा मांडव घड्याळं बघतो. हा मात्र खूश. एखाद्या मावशी स्वतः रचलेलं सतरा ओळींचं मंगलाष्टक घेऊन पुढे आल्या, की माइक तो स्वतः नेऊन देतो.

पण त्याचं खरं प्रेम गोरज मुहूर्तावर. सूर्य कलता, ऊन तिरपं, पिवळं, शालूच्या जरीवर सांडलेलं. असं लग्न ठरलं की तो दोन पैसे कमी घ्यायलाही तयार होतो. मोक्याची जागा सकाळीच हेरून ठेवतो, नवरीला पाऊण तास आधी तयार व्हायला सांगतो आणि नवरी चक्क होते. सगळं जुळून येतं. फक्त नवरदेव येत नाही. वरात फाटकाबाहेर, डीजेसमोर. मित्रांनी नवऱ्याला खांद्यावर घेतलंय आणि “शेवटचं गाणं” तिसऱ्यांदा लागलंय.

चौरंगाशी गुरुजी आणि फोटोवाला शेजारी शेजारी बसून फाटकाकडे बघत राहतात. जन्माचे वैरी, पण आज एकाच दुःखात.

“मुहूर्त चालला,” गुरुजी म्हणतात.

“उजेडही,” हा म्हणतो. मग एकदम ताठ होतो. “गुरुजी, हलू नका. हनुवटी जरा वर. असेच वैतागलेले राहा.”

वरात आत येते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि जांभळ्या एलईडीखाली नवरा-नवरी वांग्याच्या रंगाची येतात. महिन्याभराने अल्बम घरी येतो. पहिल्याच पानावर, पानभर, सोनेरी उजेडात न्हालेले गुरुजी. नवऱ्याची आत्या चष्मा पुसून विचारते, “हे आपल्याकडचे की त्यांच्याकडचे?”