अडकलेल्या अक्षता

लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्याला विचारा, सगळ्यात अवघड विधी कोणता? तो कन्यादान म्हणणार नाही, सप्तपदीही म्हणणार नाही. तो म्हणेल, प्लेबॅक. चार कॅमेरे आणि एका ड्रोनने टिपलेलं लग्न टाइमलाइनवर मांडलं की मंगलाष्टकं छान ऐकू येतात, ‘सावधान’ही वेळेवर होतं, पण अक्षता हवेतच अडकतात. आवाज पुढे निघून जातो, चित्र मागे राहतं. भटजी शेवटच्या कडव्यावर पोचले तरी मुलीचे मामा तिला घेऊन अजून मांडवाच्या दारातच. तिकडे कॉम्प्युटरचा पंखा मात्र वरातीतल्या बँडला मागे टाकत असतो.

माझा भाचा या धंद्यात आहे. लग्नसराईत त्याच्या खोलीत गेलं की तो मान न वळवता म्हणतो, “मामा, बस. प्रॉक्सी बनतायत.” म्हणजे मूळ फुटेज बाजूला ठेवायचं, त्याच्या हलक्या प्रती करायच्या, सगळी कापाकापी त्या प्रतींवर उरकायची आणि अखेरचा व्हिडिओ निघताना प्रतींनी उठून मूळ मालकांना जागा करून द्यायची. फोर-के चित्राची चौकट ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके. प्रॉक्सीची ९६० बाय ५४०, म्हणजे बरोबर सोळावा हिस्सा.

पण दुखणं नुसतं ठिपक्यांचं नाही. जागा वाचावी म्हणून बहुतेक कॅमेरे पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतात. मधल्या चित्रांच्या नावावर फक्त ‘आधीपेक्षा काय बदललं’ एवढीच नोंद असते. सरळ बघत बसणाऱ्याला हे चालतं. एडिटर मात्र सारखा मागे-पुढे करतो आणि दर वेळी बिचाऱ्या यंत्राला जवळचं पूर्ण चित्र शोधून तिथून सगळा हिशेब नव्याने जुळवावा लागतो. प्रोरेस प्रॉक्सीसारख्या प्रकारात प्रत्येक चित्र आपापलं पूर्ण असतं. त्यामुळे गंमत अशी, की चौकट लहान करूनही प्रॉक्सीची फाइल कधीकधी मूळ फाइलच्या तोडीची जागा खाते. प्रॉक्सी लहान असते असं आपण समजतो. ती खरं तर सोपी असते.

ही प्रत कशी करायची ते एकदाच ठरवून ठेवायचं, त्याला प्रीसेट म्हणतात. आणि घोडं इथेच पेंड खातं. भाच्याच्या सॉफ्टवेअरला फुटेज आत घेताना एक प्रीसेट लागतो. तो बनवायला गेलं की तो आणखी एक प्रीसेट मागतो, आणि तो तर शेजारच्या दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतो. दाखल्यासाठी तलाठ्याकडे जावं तर त्यांनी रेशनकार्ड मागावं आणि रेशनकार्डाच्या खिडकीवर तलाठ्याचा दाखला मागावा, तशातली गत.

दोन्ही कागद जमवले की छाननी सुरू होते. मोठ्या कॅमेऱ्याने आवाजाचे चार चॅनेल नोंदवलेले असतात. त्यातल्या एकावर भटजी असतात, एकावर सनई आणि दोन रिकामे. प्रीसेटने दोनच ठेवले, तर सॉफ्टवेअर प्रॉक्सीला ओळख दाखवत नाही. “अरे, रिकामेच होते ना ते?” मी विचारलं. “रिकामे असले तरी मोजणीत आहेत, मामा,” भाचा म्हणाला. मग नवऱ्या मुलाच्या काकांनी मोबाइल उभा धरून केलेलं शूटिंग येतं. आडव्या चौकटीच्या प्रीसेटने ते ताणलं की काडीसारखी करवली तिप्पट रुंद होते. शिवाय मोबाइल चित्रांचा वेग आपल्या सोयीने कमी-जास्त करत असतो, त्यामुळे पाच मिनिटांनी उखाणा एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. त्या क्लिपांचा वेग हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून आधी स्थिर करून घेतला, की मग प्रॉक्सी निमूट बसतात. इतकं सगळं करूनही अक्षता अडकलेल्याच राहिल्या, तर समजावं की पडद्यावर अजून मूळ फुटेजच चालू आहे. प्रॉक्सी दाखवण्याचं बटण समोर नसतंच. कोपऱ्यातल्या अधिकच्या चिन्हावर जाऊन ते ओढून आणावं लागतं.

प्रतिनिधीवर काम भागवण्याची ही परंपरा जुनी आहे. फिल्मच्या काळात निगेटिव्हला सहजासहजी कुणी हात लावत नसे. संकलक त्यावरून काढलेली रश प्रिंट कापायचा, चिकटवायचा, तिच्यावर ओरखडे पाडायचा. अखेरीस फिल्मच्या कडेला छापलेले क्रमांक जुळवून निगेटिव्ह कापलं जायचं. १९८९मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीने संकलन कॉम्प्युटरवर आणलं तेव्हा हार्डडिस्क इतक्या तुटपुंज्या होत्या, की चित्रं पुसट ठेवूनच काम करावं लागे. पुसटपणाची तक्रार करून भागण्यासारखं नव्हतं. क्रमांक चुकला असता, तर मात्र नायिकेच्या जागी भलतंच कुणी रडलं असतं.

भाच्याच्या शेजारी बसून मला या प्रतिनिधींचा स्वभाव कळत गेला. रूपाबद्दल यंत्राची अट नाही. चेहरा पुसट चालतो, रंग फिका चालतो. पण वेग तोच हवा, लांबी तीच हवी, आवाजाच्या वाटा तितक्याच हव्यात आणि नावावरून कुळी लागली पाहिजे. नंदिग्रामात भरताने रामाच्या पादुका ठेवून चौदा वर्षं राज्य चालवलं. पादुकांना रामाचा चेहरा नव्हता, पण त्या रामाच्याच पायाच्या होत्या. चांगला प्रीसेटही तसाच अल्पमती असावा. चित्राचा भार तेवढा त्याने हलका करावा आणि बाकी सगळं ‘मुळात असेल तसं’ म्हणून सोडून द्यावं. बिघाड होतात ते प्रीसेट जास्त शहाणा झाला म्हणून.

यथावकाश व्हिडिओ तयार होतो, मूळ फोर-के फुटेजमधून, एकेका सुरकुतीसकट. यजमान तो मोठ्या हौसेने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. तिथे तो पुन्हा पिळून निघतो आणि तळहाताएवढ्या पडद्यावर सगळे तो बघतात. म्हणजे इतक्या यातायातीनंतर वऱ्हाडाच्या हाती पडते ती प्रॉक्सीच. मी म्हटलं, आता पोराला बोलणी बसणार. तसं काहीच झालं नाही. ग्रुपवर चित्राच्या स्पष्टतेबद्दल चकार शब्द निघाला नाही. पहिली तक्रार आली ती मोठ्या आत्यांची: “बाकी सगळं छान, पण पंगतीत आमचे हे कुठेच दिसले नाहीत!”

भाच्याने निमूटपणे प्रोजेक्ट पुन्हा उघडला. मोजणी चुकली होती.