पखवाजात भूत भरावं कसं?

गावात भयपट काढायचा तर पहिलं म्हणजे बजेटची काळजी सोडा, कारण बजेट नाहीच. एक मोबाइल, दोन बॅटऱ्या, भजनी मंडळाचा जुना पखवाज आणि डोंगरकडा एवढं भांडवल पुरतं. डोंगरकडा म्हणजे कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं गाव. भोवती ऊस आणि केळी. भयपटाला ऊस किती कामाचा, हे विशाल फुरियाच्या 'लपाछपी'नं 2017 साली दाखवलंच आहे. चार सऱ्या आत शिरलं की दिशा संपतात. त्यातली पूजा सावंत परवडत नाही म्हणून अडून बसू नका. तुम्हाला मामेभाऊ आहे.

वाद्य निवडताना नवशिका हटकून पेटीकडे धावतो. धावू नका. आपोआप वाजणारी पेटी दाखवायची तर मागं बसून कुणीतरी भाता मारायला लागतो, आणि त्याचं कोपर फ्रेममध्ये येतंच.

पखवाजाचं तसं नाही. 'झपाटलेला'त तात्या विंचूला बाहुल्यात शिरायला मंत्र लागला होता; इथं कणीक पुरते. वाजवायच्या आधी डाव्या बाजूच्या, म्हणजे धुमेच्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतात, त्यानं घुमारा येतो. भजन संपलं की ती खरवडून काढायची असते. तुम्ही काढू नका. पखवाज खुंटीवरून उतरवून जमिनीवर ठेवा, दिवा मालवा, थांबा. तासाभरात उंदीर येतो. कडेची वाळलेली कणीक कुरतडताना त्याचे पाय कातड्यावर पडतात आणि अंधारातून हलकेच आवाज येतो. मग काहीच नाही. मग पुन्हा दोनदा. ठेका कुठल्याच तालात बसत नाही, म्हणून तर अंगावर काटा येतो.

आता भ्यायला माणूस हवा. भयपटात प्रेक्षक हमखास विचारतो, हा एवढ्या रात्री एकटा कशाला गेला? मराठवाड्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. शेतीची लाईट रात्रीची असली की माणूस एक वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतोच. मामेभाऊ देवळाजवळ थबकतो. "कोण वाजवू लालाय रं?" एवढा एकच संवाद द्या, जास्त दिला तर तो हसतो. तेवढ्यात थ्री-फेज येते आणि ऑटोवर ठेवलेली मोटर उसाच्या पलीकडं आपसूक सुरू होते. इथं पार्श्वसंगीत घालणाऱ्याला युनिटमधून काढून टाका.

भूत कुणाचं, हे मात्र जपून ठरवा. संत नामदेवांची नरसी याच हिंगोली जिल्ह्यात. पखवाजाला खुनी ठरवलंत तर मंडळ वाद्य द्यायचं नाही आणि चहाही नाही. माझ्या मते भूत मेलेल्या पखवाज्याचं असावं, आणि त्याचा राग फक्त बेताल गाणाऱ्यांवर असावा. मंडळी समेवर चुकली की खुंटीवरचा पखवाज बरोब्बर 'धा' देतो. पहिल्यांदा सगळे हसतात. दुसऱ्यांदा एकमेकांकडं बघतात. तिसऱ्यांदा चाल धरायलाच कुणी तयार होत नाही, आणि टाळ मांडीवर ठेवून बसलेले बारा जण नुसते त्या खुंटीकडं बघत राहतात. एवढ्या शॉटसाठी दोन रात्री गेल्या तरी जाऊ द्या.

भगत आणलाच तर त्याला जिंकवू नका. 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, शिवाय लिंबं महाग आहेत.

शूटिंगला जमलेल्या बघ्यांना गप्प करायला जाऊ नका, दुप्पट बोलतात. टाळ देऊन भजनात बसवा.

एकादशीला मंडळाला पखवाज लागतो, तेव्हा दशमीच्या आत शूटिंग उरका आणि पुडी स्वच्छ पुसून परत करा. मंडळातले म्हातारे महाराज धुमेवरून बोट फिरवून बघतात. कुठं कणीक राहिली असेल तर मोबाइल बंद करू नका. ते पुढं जे बोलतील, तसला संवाद तुम्हाला लिहिता आला नसता.