एन्नोरला बंपर मिळत नाही

प्रवासाला निघायचे तर कारण लागते. देवदर्शन, हवापालट, मेव्हणीचे लग्न, काहीही चालते. चेन्नईच्या उत्तर टोकाला असलेल्या एन्नोरला यातले एकही कारण लागू पडत नाही. समुद्र आहे, पण त्यावर मालवाहू जहाजे रांग लावून उभी असतात. खाडी आहे, पण तिच्या काठी वीज केंद्रांची धुराडी आहेत. म्हणून येथे एक वेगळे कारण सुचवतो: जुन्या प्लॅस्टिकच्या मॉडेल मोटारींचे सुटे भाग शोधायला एन्नोरला जावे. ते तिथे मिळत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे नंतर तिकिटाचे पैसे कोणी मागायला नको. तरीही जावे. ‘हरवलेला भाग कुठे मिळेल?’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, आणि ते जितके तिकडे जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून कळते तितके दुसरीकडे कळत नाही.

आधी रोग्याची ओळख. अमेरिकेत एएमटी कंपनीने १९५८ पासून दरवर्षीच्या नव्या मोटारींची पंचवीसपट लहान किट काढली. पन्नास-साठ तुकडे, एक ट्यूब गोंद आणि सूचनांचा कागद. तो कागद कोणी वाचत नसे. गोंद लावणारा दहा वर्षांचा होता आणि पुरणपोळीवर तूप सोडावे तसा गोंद सोडत होता. या गोंदाचा गुण असा की तो चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो. तेव्हा दार उघडायचे तर कुलूप नव्हे, भिंत फोडावी लागते. त्यावर रंगाचे तीन थर. रंग काढायला जगभरचे शौकीन ब्रेक ऑइलमध्ये गाडी बुडवून ठेवतात, म्हणजे खऱ्या मोटारीला थांबवणारे द्रव्य खोट्या मोटारीला कातडी सोडायला लावते. पिवळी पडलेली चिकटचित्रे खिडकीच्या काचेला लावून उन्हात ठेवतात. या कामात चेन्नईला जगात फारसे प्रतिस्पर्धी नसावेत. पण खरी कमाल टायरची. मऊ व्हिनाइलच्या टायरमधले, त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे झिरपते आणि ज्या चाकावर तो बसला आहे त्याच चाकाचे पॉलिस्टायरीन विरघळवते. चाळीस वर्षे डब्यात न हललेल्या गाडीचे टायर चाक खाऊन बसलेले असतात. कुंपणानेच शेत खाणे ही म्हण ज्याने काढली त्याने हे पाहिले नसणार. पाहिले असते तर कुंपण आणि शेत दोन्ही सोडून त्याने टायरचीच म्हण केली असती.

एवढे सगळे निस्तरल्यावर उरतो तो गहाळ बंपर, आणि माणूस बाजारात जातो. पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. चेन्नईत एके काळी सेंट्रल स्टेशनशेजारी मूर मार्केट होते: जुनी पुस्तके, जुनी भांडी, जुनी खेळणी, आणि ज्याचे नाव विक्रेत्यालाही ठाऊक नाही अशा वस्तू. १९८५ मध्ये ते आगीत गेले. आज त्या जागेवर उपनगरी गाड्यांचे स्थानक आहे आणि त्याचे नाव मूर मार्केट कॉम्प्लेक्स. एन्नोरकडे जाणारी लोकल तिथूनच सुटते. म्हणजे सुटा भाग शोधणाऱ्याचा प्रवास जिथे संपायला हवा होता, तिथूनच तो सुरू होतो. बाजाराने वस्तू देणे बंद केले आणि तिकीट देणे सुरू केले.

कोणी म्हणेल, हे योगायोगावर बेतलेले तत्त्वज्ञान झाले. ठीक आहे, पुढची स्थानके पाहू. तिरुवोट्टियूरला उतरले की लोक देवळाकडे वळतात; आपण रबराकडे वळू. एमआरएफ ही टायर कंपनी १९४६ मध्ये इथेच एका शेडमध्ये सुरू झाली, आणि तेव्हा ती खेळण्यातले फुगे बनवत होती. १९५२ पासून तिने ट्रेड रबर बनवायला घेतले, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी कातडी चढवण्याचे रबर. खऱ्या टायरकडे ती त्यानंतर वळली. फुगा, मग दुरुस्ती, मग मूळ वस्तू, असा हा उलटा क्रम आहे. आपल्याला शाळेत मूळ वस्तू आधी आणि दुरुस्ती नंतर असे शिकवलेले असते. याच कंपनीने १९८७ मध्ये फनस्कूल काढली, जिची खेळणी गोव्यातही बनतात. टायरवाले खेळण्यांकडे परतले, एवढेच.

त्याहून भारी पुरावा शेजारच्याच कारखान्यात आहे. रॉयल एनफील्डची बुलेट १९५५ साली मद्रासेत आली ती सुट्या भागांच्या पेट्यांतून, इंग्लंडमधल्या रेडिचहून, जोडून विकायला. म्हणजे किटच, फक्त बसता येईल एवढे. हळूहळू एकेक भाग इथे बनू लागला. १९७०च्या सुमारास मूळ इंग्रज कंपनी बंद पडली, आणि १९७७ मध्ये मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. आता सांगा, अस्सल कोणती? ज्यांनी बदली भाग बनवले त्यांच्याकडेच शेवटी मूळ वस्तू उरली. रेझिनचा बंपर ओतणाऱ्याला ‘नकली’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तिरुवोट्टियूरला एक फेरी मारावी, आणि येताना बुलेटवर बसून यावे.

याच गावात समुद्राकाठी पट्टिनत्तार या तमिळ संताची समाधी आहे. हा आधी गडगंज व्यापारी होता. एका पेटीत त्याला नेढे तुटलेली सुई मिळाली, मेल्यावर एवढीही बरोबर येत नाही हे उमगले आणि तो सर्व सोडून निघाला, अशी कथा आहे. संतांशी वाद घालू नये, पण मॉडेलवाल्याला ती सुई मिळाली असती तर तो संसारात आणखी खोल रुतला असता. सुईचे नेढे अर्धे कापले की तिला दोन बारीक टोके राहतात आणि त्यांत फेविक्विकचा नेमका एक थेंब धरता येतो. तुटलेली वस्तू पाहून कोणाला वैराग्य येते, कोणाला अवजार दिसते.

पुढचे स्थानक विमको नगर. अंबरनाथच्या वाचकाला नावाची ओळख पटेल. तीच काडेपेट्यांची कंपनी. काडेपेटी आणि लहान मोटार यांचे नाते जुने आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्या काढल्या, कारण एका भागीदाराच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येत असे. नियमाला वस्तू बसवायची, वस्तूला नियम नव्हे, हे शाळेने जगाला शिकवले. मग कत्तिवाक्कम, आणि मग एन्नोर.

एन्नोरला काय आहे? ट्रकचा कारखाना आहे, आणि तो ट्रकचा म्हणून सुरू झाला नव्हता. १९४८ मध्ये रघुनंदन सरन यांनी अशोक मोटर्स काढली, नाव मुलाचे, आणि १९४९ मध्ये एन्नोरहून पहिली ऑस्टिन ए-४० बाहेर पडली. तीही इंग्लंडहून सुटी येई आणि इथे जोडली जाई. आता त्याच १९४९ सालची इंग्लंडमधली गोष्ट पाहा. एअरफिक्स कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरचे प्लॅस्टिकचे मॉडेल केले, विक्रेत्यांच्या हातात द्यायला. ते कारखान्यात जोडून देणे महाग पडू लागले, तेव्हा तुकडे पेटीत भरून विकले. गिऱ्हाइकाने घरी जोडावे. एकाच सुमारास एक खेळणे सुटे झाले आणि एक खरी मोटार सुटी होऊन एन्नोरला आली. फरक आकाराचा, आणि एन्नोरच्या कामगारांना पगार मिळत होता एवढाच. पुढे सरकारने नुसती जोडणी नको, भाग इथे बनवा असा आग्रह धरला. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. म्हणजे स्वतंत्र भारताचा मोटार-उद्योग हा गहाळ भाग घरी बनवण्याचाच एक अवाढव्य उद्योग होता. आणि वर्तुळ पुरे करायचे तर, २००६ मध्ये हॉर्नबी कंपनीने एअरफिक्स विकत घेतल्यावर तिची बरीच किट भारतात ओतली जाऊ लागली. इंग्रज आजोबा आपले बालपण म्हणून जे उघडतात त्या पेटीवर बऱ्याचदा ‘भारतात बनलेले’ असे छापलेले असते.

संग्राहकांचा आक्षेप ठरलेला आहे: भाग बदलला की मोल गेले. बाजाराच्या दृष्टीने ते खरे आहे. त्या बाजारात सर्वांत महाग किट ते, जे कधी जोडलेच गेले नाही. ज्याच्या आयुष्यात काही घडले नाही त्याचाच भाव जास्त, अशा बाजाराचा सल्ला लग्नाच्या बाबतीतही घेऊ नये. दुसरा आक्षेप तरुणांचा: थ्रीडी प्रिंटर आहे, बटण दाबा. दाबावे की, माझी तक्रार नाही. पण बंपरची वळणे आधी कोणीतरी मोजून काढावी लागतात, आणि तो मोजणारा माणूस म्हणजेच दुरुस्ती. ज्याच्याकडे दुसरा बंपर उसना आहे त्याने सिलिकॉनचा साचा घ्यावा आणि रेझिन ओतावे. उसनाही नसेल तर एम-सील आणि कानस. भोक बुजवायला फेविक्विकवर खाण्याचा सोडा भुरभुरला की क्षणात दगड होतो. मात्र काचेला फेविक्विक लावू नये, त्याच्या वाफेने काचेला मोतीबिंदू होतो, तिथे फेव्हिकॉल. आणि काच कशाची? गोळ्यांच्या पाकिटाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला विनोदी उत्तर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुराबरोबर तेल एन्नोरच्या खाडीत पसरले, कोळ्यांच्या होड्या आणि जाळी काळी झाली. अशा गावात उभे राहून प्लॅस्टिकच्या बंपरची चर्चा करणे शोभते का? फारसे नाही. इतकेच म्हणता येईल की पॉलिस्टायरीन कुजत नाही, आणि जे दुरुस्त होऊन कपाटात राहते ते निदान खाडीत जात नाही. खाडी साफ करण्याचे काम ज्यांचे आहे त्यांचे ते यामुळे कमी होत नाही.

परतीची लोकल मूर मार्केटलाच येऊन थांबते. डोकेदुखीची शेवटची गोळी घेऊन झाली असेल, तर पाकीट फेकू नका. त्यात एका ऑस्टिनची पुढची काच आहे, मागची कदाचित दुसऱ्या गोळीच्या खळग्यातून निघेल.