एका माणसाने सहा धंदे कसे करावेत: नवशिक्यांसाठी

आधी चकचकीत कोट शिवून घ्या. ब्रिटिश विनोदकार बेन एल्टन घालत तसा, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही डोळ्यांत खुपणारा. कोटाकडे बघण्यात लोकांचा थोडा वेळ जातो. तेवढा विनोद आपल्याला फुकट मिळतो.

मग लंडनच्या सोहो भागातलं कॉमेडी स्टोअर गाठा. १९७९ साली हा अड्डा एका स्ट्रिप क्लबच्या वर सुरू झाला. नवख्याचा विनोद पडला की तिथे भलीमोठी थाळी बडवून त्याला खाली उतरवत. यावर एल्टन यांचा तोडगा म्हणजे दोन वाक्यांत फट ठेवायचीच नाही. पंतप्रधान थॅचरबाईंवर घसरा, रेल्वेच्या डब्यावर घसरा, पण श्वास पुढच्या स्टेशनात घ्या.

कॉलेजातले मित्र जपा. मँचेस्टर विद्यापीठातल्या रिक मेयलबरोबर (आणि सहलेखिका लिझ मेयरबरोबर) एल्टन यांनी १९८२ मध्ये ‘द यंग वन्स’ ही टीव्ही मालिका लिहिली. चार विद्यार्थ्यांच्या गलिच्छ घरात मधेच कुठला तरी बँड गाऊन जातो, तो का? गाणं असलं की बीबीसीत कार्यक्रम ‘व्हरायटी’त मोडायचा आणि पैसे जास्त मिळायचे. म्हणून विनोद सुचण्याआधी खर्चाचा तक्ता वाचावा.

पैसे कमी पडले तरी घाबरू नका. ‘ब्लॅकॲडर’च्या पहिल्या मालिकेत किल्ला होता, घोडे होते, बिलही तसंच होतं. १९८६ च्या दुसऱ्या मालिकेत लेखक रिचर्ड कर्टिसच्या जोडीला एल्टन आले. घोडे गेले, सगळा कारभार स्टुडिओत आला आणि संवादांना धार चढली. शब्दांना चारा लागत नाही. १९८९ मध्ये चौथी मालिका संपते तेव्हा तीच हसवणारी माणसं पहिल्या महायुद्धाच्या खंदकातून वर चढून गोळ्यांसमोर धावतात आणि रणांगणाच्या जागी खसखशीची लाल फुलं दिसू लागतात. हे कसं लिहावं याची कृती माझ्याकडे नाही. मी पाहतो आणि गप्प बसतो.

कादंबऱ्या मधल्या वेळात लिहाव्यात. ‘पॉपकॉर्न’ला तर गुन्हेकथांचा ‘गोल्ड डॅगर’ मिळाला.

आता जुन्या चाहत्यांना दुखवा. डाव्या विचारांचा म्हणून नाव झालं की हुजूर पक्षाचे समर्थक संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्याबरोबर संगीतिका करा. एल्टन यांनी २००० मध्ये केली. ‘विकला गेला’ असं ऐकू येईल, त्यासाठी कान तयार ठेवा. पाठोपाठ क्वीन या बँडच्या गाण्यांवर ‘वी विल रॉक यू’ रचा. समीक्षकांनी ती सोलून काढली. तरी लंडनच्या डोमिनियन थिएटरात ती २००२ पासून बारा वर्षं चालली. दारावर क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा मूठ उंचावलेला अवाढव्य पुतळा होता. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारूख बलसारा तो हाच. आपल्याकडचा मुलगा दारात उभा असल्यावर तिकीट काढायला समीक्षकाला कोण विचारतो!

अधूनमधून आपटायलाही शिका. एल्टन यांची ‘द राइट वे’ ही मालिका २०१३ मध्ये एका हंगामात आटोपली.

शिव्या मात्र रद्दीत घालू नका. नट असून नाटकं लिहिण्याचा आगाऊपणा करतो म्हणून १५९२ मध्ये शेक्सपिअरला कुणी तरी ‘उपटसुंभ कावळा’ म्हटलं होतं. २०१६ मध्ये एल्टन यांनी शेक्सपिअरवर मालिका लिहिली, तेव्हा नाव शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही: ‘अपस्टार्ट क्रो’.