नाक्याच्या अलीकडे लूट, पलीकडे विकास

कोगनोळीचा टोलनाका पुढारी अडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. बेळगावात सीमाप्रश्नाचा महामेळावा असला की कोल्हापूरकडून निघालेल्या नेत्यांच्या गाड्या इथं थांबतात. घोषणा होतात, फोटो निघतात आणि मंडळी दूधगंगा ओलांडून जेवणाच्या वेळेला कागलला परत. कर्नाटक पोलिसांची नजर तशी तीक्ष्ण. पण नाका ओलांडताना प्रत्येक पक्षाचं करधोरण पार उलटं होतं, त्याची झडती अजून कुणी घेतलेली नाही.

२०२१ ची दिवाळी आठवा. केंद्रानं उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी उतरवलं. कर्नाटकात कमळवाल्यांच्या बोम्मई सरकारनं वर आपले ७ रुपये सोडले. इकडे निपाणीच्या पंपांवर कोल्हापूरच्या एमएच-०९ गाड्यांची जत्रा भरली. पलीकडे कागलात कमळवाले विचारू लागले, कर्नाटकाला जमतं ते तुम्हाला का जमत नाही? तिथल्या महाविकास आघाडी सरकारचं म्हणणं, आधी केंद्रानं जीएसटीची थकबाकी द्यावी. पुढं मे २०२२ मध्ये पेट्रोलवर २ रुपये ८ पैसे सुटले. वरचे आठ पैसे कुणाच्या नवसाचे, हे कळायच्या आत सरकारच गेलं. जुलैत शिंदेसाहेबांनी आणखी ५ रुपये उतरवले.

मग पारडं फिरलं. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला आणि १५ जूनला कर्नाटकात काँग्रेसच्या सिद्धरामय्या सरकारनं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला. लिटरमागे ३ रुपये. मतमोजणी होईपर्यंत थांबले, हा त्यांचा मोठेपणा. आता रस्त्यावर उतरायची पाळी कमळवाल्यांची. त्यावर सरकारनं महाराष्ट्राकडं बोट दाखवलं: तिथं २५ टक्के, शिवाय लिटरला ५ रुपये १२ पैसे! थोडक्यात, २०२१ ला कागलात काँग्रेसवाले जे सोसत होते, ते आता निपाणीत पुरावा म्हणून कामाला आलं.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला अजितदादांनी महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात करसवलत जाहीर केली, पण मुंबई, ठाणे, नवी मुंबईपुरती. पेट्रोल ६५ पैशांनी स्वस्त. कागलच्या वाट्याला भोपळा. त्याच अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीला १५०० रुपये. निपाणीत तर आमच्या वहिनी २०२३ पासून सरकारी बसनं बेळगावला फुकट जातात. त्यांचं तिकीट आमचे दादा मोटारसायकलच्या टाकीत भरतात. (दादांना हे सांगू नका, ते या फुकट प्रवासाच्या हमी योजनेचे कट्टर समर्थक आहेत.)

परवा एका उमेदवाराचा कार्यकर्ता पंपावर भेटला. म्हटलं, साहेबांचं इंधनकराबद्दल मत काय? तो म्हणाला, "कुठल्या सभेत?"

उत्तर चोख होतं. सत्तेत असलं की कर म्हणजे विकास, विरोधात असलं की लूट. आणि सीमाभागात माणूस एकाच दिवशी दोन्हीकडे असतो: सकाळी कागलच्या प्रचाराला विकास, संध्याकाळी निपाणीला लूट. भाषण एकच, मधलं पान तेवढं बदलायचं.

बाकी एक गोष्ट कबूल करायला हवी. १९६७ चा महाजन अहवाल झाला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे, पण सीमाप्रश्न हलला नाही. एप्रिल २०२५ मध्ये मात्र कर्नाटकानं डिझेलवरचा कर २१.१७ टक्के केला. महाराष्ट्राचा २१ टक्के. डिझेलपुरतं एकीकरण झालंच म्हणायचं. राहता राहिला वाद ०.१७ टक्क्याचा. त्यासाठी एक आयोग नेमता येईल.